झिऱ्यातलं हाड

आमच्या घरात संशय मिठासारखा, रोजच्या जेवणाला लागायचाच. दूधवाल्यावर संशय, टँकरवाल्यावर संशय, नव्या जिल्ह्यावर तर फारच. लातूर नुकतंच जिल्ह्याचं ठिकाण झालं होतं. पाट्या रंगवून झाल्या, साहेब आले, पण टँकर काही निलंग्याकडच्या आमच्या गावापर्यंत पोचेना. आई म्हणायची, "वाटंतच कुठं तरी रिकामा होऊन राहिलाय त्यो."

मांजरा आटली होती. पात्रातल्या वाळूत ज्यानं त्यानं आपापला झिरा खणलेला. गुडघाभर खड्डा, तळाशी ओंजळभर पाणी. वाटीवाटीनं घागर भरायची आणि पुन्हा पाझरायची वाट बघत बसायचं. आमचा झिरा आईनं आणि समोरच्या चाचीनं मिळून खणला होता. चाचीचा नवरा बाजारच्या दिवशी मटण विकायचा. आम्ही लिंगायत, आईला दारात अंड्याचं टरफलसुद्धा खपायचं नाही. पण तहानेनं दोघींना एका खड्ड्यावर बसवलं होतं आणि त्यांचं बरं जमलं होतं.

पाणी खाली गेलं म्हणून एका सकाळी आईनं झिरा आणखी उकरला, तर वाळूतून वीतभर लांब, काळपट, एका टोकाला गाठ असलेलं काहीतरी निघालं. "हाड हाय!" म्हणत ती मागं सरकली. त्याच पाण्यानं ती रोज गळ्यातल्या लिंगाची पूजा करत होती. घरी येऊन तिनं भरलेल्या घागरी उलथ्या केल्या, त्या दुष्काळात. मला रडूच आलं.

"हे आपोआप आलं न्हाई," ती संध्याकाळी म्हणाली. "आपण झिरा सोडला की सगळं पाणी कुणाचं?" चाचीचं नाव घ्यायची गरज नव्हती, गल्लीला कळलं. चाचीलाही कळलं, आणि तिनंही तो झिरा सोडला. पार नदीच्या वळणापलीकडून पाणी आणायला लागली. ज्या पाण्यासाठी तिनं हाड टाकलं म्हणायचं, त्या पाण्याला ती शिवतसुद्धा नव्हती. "दावायला सोडलाय," आई म्हणाली. झिरा वाळूनं बुजत चालला.

मला हे पटत नव्हतं. ती वस्तू मी उचलून ठेवली होती; हाताला ती हाडापेक्षा जड लागायची, दगडावर आपटली की खणकन वाजायची. मी तेव्हा उदगीरला कॉलेजात होते. आमचे भूगोलाचे सर नदीकाठी सापडणाऱ्या दगडी हत्यारांबद्दल सांगायचे. हत्यार निघालं तर सुटलो, असं मला वाटलं. दगडाला कसला विटाळ? मी ते पिशवीत घातलं. आईही एसटीत चढली, कारण माझ्या एकटीवर तिचा भरवसा नव्हता.

सरांनी ते खिडकीच्या उजेडात फिरवून पाहिलं. "हत्यार नाही. घडवलेलं असतं तर टवके उडवल्याच्या खुणा दिसल्या असत्या." मग तुटकं टोक भिंगाखाली धरलं. आत बारीक जाळी होती. आणि मग त्या गृहस्थानं ते चक्क जिभेला लावलं! आईनं डोळे मिटून घेतले.

"जिभेला चिकटतंय. साधा दगड असा चिकटत नाही. हाडच आहे," सर म्हणाले.

आईनं माझ्याकडे असं पाहिलं, की मी मान खाली घातली. "मंग कुणी आणून टाकलं आसंल?" तिनं विचारलं.

सरांनी सुई लाल तापवून त्यावर टेकवली. "वास येतोय का? ताजं हाड असतं तर केस जळल्यासारखी घाण सुटली असती. बैलाच्या जातीचं कुठलं तरी मोठं जनावर असावं. हजारो वर्षं नदीत गाडलं जाऊन हाडाचा दगड झालाय. कुणी टाकलेलं नाही हे, बाई."

कॉलेजच्या कपाटासाठी ठेवून घेऊ का, असं त्यांनी विचारलं. "मागून राहिलेत म्हंजे किमतीचं आसंल," असं माझ्या कानात पुटपुटत आईनं पिशवी उचलली.

गावात उतरल्यावर आई घरी न जाता थेट चाचीच्या दारात गेली. चाची भाकरी थापत होती. आईनं पिशवीतून ते काढून पुढं धरलं.

"भाभी, दगड हाय ह्यो. सरांनी तपासून सांगितलं. उद्यापासून चला झिऱ्यावर."

चाचीनं भाकरी तव्यावर टाकली, पाण्याचा हात फिरवला आणि मगच वर पाहिलं.

"अक्का, ह्या दगडाला इचारायला तुमी उदगीरला गेलाव," ती म्हणाली. "मला इचारायला गल्ली न्हाई वलांडली."