पांढऱ्या सदाफुलीचं बी

६ जुलै १९८६, रविवार. सकाळपासून मागच्या अंगणात गुलाबी सदाफुली उपटत होते. पदर खोचलेला, नखांत माती, बाजूला रोपांचा ढीग. चांगली फुललेली, तजेलदार रोपं. त्यांचा दोष एवढाच, की ती पांढरी नव्हती.

सासूबाईंना पांढरीच हवी होती. दोन वर्षांपूर्वी यांना कावीळ झाली तेव्हा त्यांनी महादेवाला लाखोली बोलली होती. एका चातुर्मासात एक लाख फुलं, सगळी सदाफुलीची, सगळी पांढरी आणि घरच्याच झाडांची. कावीळ डॉक्टरच्या औषधाने आणि माझ्या बिनतेलाच्या भाजीने बरी झाली. श्रेय महादेवाला गेलं आणि फुलं पुरवायचं काम माझ्याकडे आलं. चार महिन्यांत लाख म्हणजे रोज आठशेच्या वर. हे त्यांना नवस बोलताना सुचलं नाही. मला लगेच सुचलं, पण मला विचारलं होतं कोणी?

मी मानवतला शाळेत शास्त्र शिकवायचे. दिवसभर बाहेर. म्हणून अंगणाच्या कामाला भीमनगरातली एक बाई यायची. खुरपणं, आळी करणं, पाणी घालणं, सगळं तीच करी. तिच्या घरात कमावणारी ती एकटी. हात असा, की तिने लावलेलं रोप मेलेलं मी पाहिलं नाही. आमच्या आडाला मात्र तिने हात लावायचा नाही. शाळेत जायच्या आधी मी पाणी शेंदायचं आणि तिच्या घागरीत वरून ओतायचं. ही पद्धत सासूबाईंची, आणि रोज पाळणारी मी. हे लिहायलाच हवं, नाहीतर पुढचं सगळं मी फार शहाणी असल्यासारखं वाटेल.

आदल्या वर्षी मी आमच्याच अंगणातल्या पांढऱ्या झाडांचं बी धरलं आणि तिने ते पेरलं. दोन-अडीच महिन्यांनी फुलं आली, तर तिसरा हिस्सा गुलाबी. पांढरी पुरेनात. लाखोली श्रावणातच अडली. शेजारच्या काकू कुंपणावरून डोकावल्या आणि म्हणाल्या, "पांढऱ्याचं गुलाबी झालं म्हंजी कायतरी शिवाशिव झालीच. पेरलं कोणी?"

तेवढं पुरलं. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायच्या मागणीवरून तेव्हा गावागावांत धुसफूस होती, काकूंच्या तोंडाला तर खळच नव्हता. "आज विद्यापीठ मागायलेत, उद्या तुमच्या तुळशीला पाणी घालतील." सासूबाई मान हलवत. मी पुस्तक आणून आनुवंशिकतेचा, वाटाण्यांच्या प्रयोगाचा धडा काढून दाखवला. सासूबाई म्हणाल्या, "मी सदाफुलीचं बोलायली, तू वाटाणे कशाला सोलायलीस?"

खरी गोष्ट साधी होती. पांढऱ्या झाडांच्या रांगेतच गुलाबी झाडं उभी होती. फुलपाखरं या फुलावरून त्या फुलावर बसतात आणि गुलाबीचे पराग पांढऱ्यावर नेतात. फूल पांढरंच राहतं, कारण पाकळ्या आईच्या. पण आतलं बी अर्धं बापाचं असतं, आणि सदाफुलीत गुलाबी रंग जोरकस. पांढरा त्याच्यासमोर दबतो, नाहीसा होत नाही. हे मी दरवर्षी फळ्यावर चौकटी आखून शिकवायचे, आणि बी धरताना मात्र शेजारी कोण उभं आहे ते बघितलं नव्हतं. चूक सपशेल माझी.

तरीही काम गेलं तिचं. घरात रोजची कटकट नको म्हणून मीच तिला सांगितलं, "चातुर्मास संपेपर्यंत येऊ नकोस."

ती खुरपं धुवत होती. म्हणाली, "फुलाचा रंग म्या बदलला व्हय, बाई? येवढी कला हातात असती तर आधी लुगडं नसतं का रंगवलं?" मला हसू आलं आणि ते लपवावं लागलं. खुरपं भिंतीला टेकवून ती गेली. चातुर्मास संपला, पण मी बोलावणं पाठवलं नाही. मधल्या काळात ती कुणाकुणाच्या शेतात रोजाने जाई, आणि काम नसेल त्या दिवशी घरी बसे, असं कानावर येई.

यंदा मी सासूबाईंना म्हटलं, "आत्याबाई, आधी गुलाबी झाडं काढू, मग पांढऱ्यांचं बी धरू."

"फुलतं झाड उपटत नसतेत."

"मग बी मिसळणार."

"कुणाचा हात लागला नाही तर कशाला मिसळंल?"

मी हात टेकले. मार्चमध्ये त्यांनी न्हाऊन, सोवळं नेसून स्वतः बी धरलं, स्वतः पेरलं. पाणीही त्यांनीच घातलं. गुडघे दुखायचे, रात्री तेल मी चोळायचे. आणि जूनअखेर काय? पुन्हा तेच. पांढऱ्यात गुलाबी.

मला वाटलं, आता तरी विषय मिटेल. पण काकू होत्याच. "बी कुठल्या झाडाचं? गेल्या साली तिनंच पेरलेल्या झाडाचं ना? उतरलं मग त्यात!"

आणि सासूबाईंना हे पटलं! रंग बियातून उतरतो हे वर्षभर पटत नव्हतं. विटाळ उतरतो हे एका वाक्यात पटलं. त्या दिवशी मी भाजीत मीठ दोनदा घातलं. यांनी वर्तमानपत्रामागून "खारट झालंय" एवढंच म्हटलं.

तर त्या रविवारी मी शेवटी चिडून गुलाबी झाडं उपटत होते. परसातली झाली आणि तुळशीकडे वळले. वृंदावनाच्या पायाशी सदाफुलीचं एक जुनं गुलाबी झाड होतं. त्या कोपऱ्यात सासूबाईंशिवाय कुणी जायचं नाही, मीसुद्धा नाही. त्याला मी हात लावते असं पाहून त्या आतून ओरडत आल्या. "त्याला नको! ते माझं हाय!"

"बरं, नाही काढत. पण हे काय आहे बघा."

झाडाच्या बुडाशी आपोआप पडलेल्या बियांची पाच-सहा रोपं उगवली होती. बहुतेक गुलाबी. एकाला मात्र दोन फुलं आली होती, दुधासारखी पांढरी.

त्या वाकून बघत राहिल्या. "हे कुठून आलं?"

"तुमच्या गुलाबी झाडातूनच. आत दबून होतं ते."

"इथं तर कोणीच येत नाही."

"तेच म्हणते मी. शिवाशिवीने पांढऱ्याचं गुलाबी होतं, तर इथं गुलाबीचं पांढरं कुणी केलं?"

कुंपणापलीकडून काकूंनी तोंड उघडलं. "आवं, पण..."

"तुम्ही जरा गप बसा," सासूबाई म्हणाल्या. लग्न होऊन वीस वर्षं झाली होती. काकूंना त्यांनी असं म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

मग त्या पायरीवर बसल्या. कामावरून काढलेल्या बाईबद्दल बोलतील असं वाटलं होतं. म्हणाल्या, "मग माझ्या लाखाचं कसं व्हावं?"

डोकं आपटून घ्यावंसं वाटलं. पण प्रश्न कामाचा होता. "बी नकोच. पांढऱ्यांच्या फांद्या लावायच्या. फांदी म्हणजे तेच झाड, तिथे दुसऱ्या कुणाचा रंग येत नाही. आता लावल्या तर पुढच्या चातुर्मासाला लाख होतील."

"येवढ्या फांद्या कोण लावणार?"

मी उपटलेल्या रोपांचा ढीग आवरू लागले. "तिचा हात चांगला हाय," त्या तुळशीकडे बघत म्हणाल्या. "बोलव तिला. मी नाही सांगणार."

"तुम्ही कशाला सांगाल? येऊ नको म्हणणारी मी होते."

दुसऱ्या दिवशी सकाळी सातलाच भीमनगरात गेले. ती दारात तूर निवडत होती. मी उभ्यानेच सांगितलं, "चूक माझी होती. बी मी धरलं, बोल तुला लागला. कामावर ये."

तिने सूप खाली ठेवलं नाही. "येईन. पण ते वरून पाणी वतून घेनं आता जमायचं न्हाई, बाई. आड हाय, पोहरा हाय, माझे हात हायेत. माझं मी शेंदीन."

"ठीक आहे."

"आजीला इचारा आधी."

"विचारत नाही. सांगते."

घरी येऊन सांगितलं. सासूबाई पूजेला बसल्या होत्या. फुलं वाहताना बोलायचं नाही, म्हणून त्या बोलल्या नाहीत. त्याचा मी पुरेपूर फायदा घेतला. ती आली तेव्हा आडाच्या काठावरचा पोहरा दोरासकट तिच्या हातात दिला, फांद्या कुठून छाटायच्या ते दाखवलं आणि शाळेत गेले.