उरलेले अधिकार कुणाचे

शारजात रोल्ला चौकाजवळ राहून मी अमेरिकेची राज्यघटना शिकवते, हे पुण्यात कुणालाच पटत नाही. "अगं, ती शिकवायला अमेरिकेत माणसं नाहीत का?" असं माझे थोरले दीर, भाऊजी, दर सुट्टीत विचारतात. आमची शाळा अमेरिकन अभ्यासक्रमाची आहे, एवढंच मी सांगते. घटना वाचून पोळ्या गोल होत नाहीत असं त्यांचं मत आहे, आणि माझ्या पोळ्या पाहता त्यात तथ्य आहे.

संघराज्याचा धडा मात्र इथे कधी जड जात नाही. फळ्यावर केंद्र आणि राज्यं लिहिली की एखादा इथलाच मुलगा मागून ओरडतो, "मिस, दिरहम सगळीकडे एक, पण पार्किंगचे रूल्स शारजात वेगळे, दुबईत वेगळे. तसंच ना? खलास, समजलं!" सात अमिरातींच्या देशात आणखी काय समजवायचं? मराठी पोरांना मी म्हणते, कुटुंब एकत्र, चुली वेगळ्या. देवघर थोरल्या घराचं, आमटीत गूळ किती घालायचा ते ज्याचं त्याचं.

मग दहावी घटनादुरुस्ती येते. जे अधिकार घटनेनं केंद्राला दिले नाहीत आणि राज्यांना नाकारले नाहीत, ते राज्यांकडे किंवा लोकांकडे राहतात. "राज्यांकडे" अधोरेखित करा, असं मी सांगते, कारण परीक्षेत बहुधा तेच येतं. गेल्या वर्षी त्या वर्गात माझी मुलगीही होती. शेवटच्या बाकावर बसून मला मिस म्हणायची.

तिची बारावी संपत आली तसा कॉलेजचा प्रश्न आमच्या रविवारच्या कॉलवर गेला. आमच्याकडे पद्धतच तशी आहे. फोन साखरेच्या डब्याला टेकवायचा, पुण्याहून भाऊजींनी बोलायचं आणि इथून माझ्या नवऱ्यानं मान डोलवायची. लग्नं, गावची जमीन, गणपती, सगळं तिथेच ठरतं.

भाऊजी म्हणाले, "पोरीला पुण्याला पाठवा. घरचं माणूस घरात राहील. काकू आहे लक्ष ठेवायला."

"हो, दादा," नवऱ्याची मान डोलली.

मला अल ऐन हवं होतं. तिथलं विद्यापीठ चांगलं, गाव शांत आणि गाडीनं दोन तासांच्या आतलं. सुट्टीला पोर घरी आली असती. एकुलत्या एका लेकीला समुद्रापलीकडे धाडायची माझी छातीच होत नव्हती. पण हे मी बोलले नाही. मी घटनेचं बोलले.

"भाऊजी, जमीन, लग्नं, गणपती हे आपण सगळ्यांनी थोरल्या घराकडे सोपवलंय. मी कधी त्यात तोंड घातलं?"

"नाही बुवा."

"मग मुलांचं शिक्षण कधी सोपवलं? जे सोपवलं नाही ते आमच्याकडेच राहिलं ना?"

नवऱ्याची मान डोलायची थांबली. भाऊजींनी चष्मा काढून पुसला. भडकतील असं वाटलं होतं, पण म्हणाले, "शिकवतेस ते अगदीच वाया जात नाही म्हणायचं. ठरवा तुमचं तुम्ही."

मला आभाळ ठेंगणं झालं. फोन ठेवून मी शिरा करायलाच घेतला. रवा भाजता भाजता अल ऐनच्या खोलीला पडदे कुठले लावायचे तेही ठरवून टाकलं.

मुलगी ओट्याला टेकून उभी होती. "आई, काकांशी मस्त आर्ग्यू केलंस. बट त्या सेंटेन्समध्ये अजून एक पार्ट आहे. मिस तो नेहमी घाईत वाचतात."

किंवा लोकांकडे. माझा हात थांबला.

"तुला अल ऐन नको?"

"मला पुणे हवंय."

"काका म्हणाले म्हणून?"

"नो! काकांनी मला विचारलंच नाही. तू पण नाही." मग जरा हळू आवाजात म्हणाली, "आय लव्ह इट हियर, आई. पण बाबांचा व्हिसा आहे तोवरच मी इथली. तूच शिकवलंस ना, सरकार लोकांच्या संमतीनं चालतं? आता मी अठराची होईन. मला व्होटिंगच्या लाइनमध्ये उभं राहायचंय. माझ्या स्वतःच्या गावात."

मला तिचा राग आला आणि अभिमानही वाटला, आणि दोन्हींचं काय करावं ते कळेना. तोवर रवा खाली लागला. करपलेला शिरा आम्ही तिघांनी तसाच खाल्ला.

पुढच्या रविवारी फोन डब्याला टेकवला आणि मी माझी खुर्ची तिला दिली. "भाऊजी, ठरलंय. पण आम्ही नाही ठरवलं."

"पुण्याला येतेय, काका," ती म्हणाली.

भाऊजी निवडणूक जिंकल्यासारखे हसले.

"पण हॉस्टेलमध्ये राहीन."

त्यांचा चष्मा पुन्हा उतरला. मला हसू फुटलं, आणि हसता हसताच रडू आलं, कारण आता ती खरंच जाणार होती.