पुंडलिकरावांच्या खिशातली किल्ली

नाचणगावात त्या वर्षी थंडी अशी पडली होती, की मेथी उपटताना बोटं आपलीच आहेत ना, हे देवकाबाईला बघून ठरवावं लागे. दव झटकायचं, जुड्या बांधायच्या, आणि पुलगावच्या बाजाराला जायच्या आधी चर्चचं दार उघडायचं, हा तिचा नवरा गेल्यापासूनचा नेम. भाजीवाल्या तिघीचौघी टोपल्या पायरीवर ठेवून आत गुडघे टेकत, गावातल्या आजाऱ्यांची नावं देवापुढे घेत. गोपिका माळीण हिंदू. ती बाहेर बसून टोपल्या राखायची.

हे चर्चच्या पंचांना कधी दिसलं नाही, कारण त्या वेळी पंच गोधडीत असत. त्यांच्या मते मंडळी, म्हणजे चर्चची सगळी माणसं, भक्तीच्या बाबतीत मेली होती. तिला उठवायला उज्जीवन सभा ठरली. लाऊडस्पीकर आला, नवी सतरंजी आली, आणि सतरंजीला चिखल लागू नये म्हणून मुख्य पंच पुंडलिकराव देवकाबाईकडे चर्चची किल्ली मागायला आले.

"सभा होईलोक बंदच राहू द्या, देवकाबाई. तुमच्या पायाले वावर चिकटून असते."

"मंग पाय बाहीर ठेवून येतो ना आमी."

पण किल्ली तिनं दिली.

दुसऱ्या दिवशी कुलपापाशी गोपिकेनं विचारलं, "काऊन वो, तुमच्या देवाले कोंडलं का?" देवकाबाईनं कुलूप एकदा ओढून पाहिलं आणि टोपली उचलली. चार दिवसांत त्या भाजीवाल्यांतली कुंताबाई परस्पर बाजाराला जाऊ लागली. देवकाबाईला धसका याचाच होता. ही बैठक एकदा मोडली की पुन्हा कोण बसवणार?

सभेत नागपूरहून आलेल्या पाहुण्या उपदेशकानं भर थंडीत घाम गाळला. पुंडलिकराव लाऊडस्पीकरवर रडले, की या मंडळीत प्रार्थनेला कोणी फिरकत नाही. वस्तीतल्या कुत्र्यांनी त्यांना साथ दिली. उद्यापासून पहाटे प्रार्थनेला कोण येईल, असं पाहुण्यानं विचारताच सगळ्या पंचांचे हात वर गेले. पुंडलिकरावांचे तर दोन्ही.

पाहुणा त्याच रात्रीच्या गाडीनं गेला. उज्जीवनही त्याच डब्यात चढलं असावं. पहाटे कुलपापुढे नुसत्या बायका. देवकाबाई टोपलीसकट पुंडलिकरावांच्या खिडकीखाली जाऊन उभी राहिली.

"पुंडलिकराव, चला. काल दोन्ही हात वर केलते तुमी."

आत खाट कुरकुरली. "डोकं दुखून राह्यलं वो. उद्या पाहू."

"मंग किल्ली द्या. डोकं राहू द्या घरी."

गजांतून एक हात बाहेर आला. काल वर गेलेल्या दोनांपैकीच तो एक.

"ठेवा तुमच्यापाशीच. रोज उठवाले येऊ नका."

वाटेत तिनं कुंताबाईला हाक मारून बाहेर काढलं. दार उघडलं, नवी सतरंजी गुंडाळून कोपऱ्यात उभी केली, आणि सगळ्या गार फरशीवर बसल्या. आजाऱ्यांची नावं घेताना देवकाबाईनं पुंडलिकरावांच्या डोक्याचंही घेतलं. नेम तो नेम.

बाहेर आली तर मेथीची एक जुडी सुटलेली. गोपिकेशेजारी पायरीवर टेकून ती बांधायला लागली.