डाव्या बाजूची झडप

जीवशास्त्राच्या बाईंचं खरं नाव नेमणुकीच्या कागदावर होतं, बाकी कुठे फारसं नव्हतं. मुलं त्यांना मागून ‘काळीजबाई’ म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं, पण तसं दाखवतील तर त्या बाई कसल्या!

नाव पडायला कारणही तसंच होतं. हृदयाचा धडा आला की बाई पदर खोचून बाकं सरकवायच्या आणि वर्गाचे चार कप्पे करायच्या. मुलांनी रक्त व्हायचं. उजवीकडच्या वरच्या कप्प्यातून खालच्या कप्प्यात, तिथून दाराबाहेर व्हरांड्यात, म्हणजे फुप्फुसात. तिथे जोरात श्वास घ्यायचा आणि डावीकडून परत आत. दोन कप्प्यांच्या मधे हात पसरून उभी असलेली मुलं म्हणजे झडपा, पुढे गेलेल्या रक्ताला मागे येऊ न देणाऱ्या. एका वर्षी एक गुटगुटीत मुलगा झडपेत असा काही अडकला की शेजारच्या वर्गावरचे गणिताचे सर भांडण सोडवायला धावत आले. उजव्या झडपेत दोन मुलं, म्हणजे दोन पाकळ्या, असत, डाव्या झडपेत तीन. का, ते बाई दरवर्षी एकाच वाक्यात सांगत. डावीला साऱ्या अंगाला रक्त पोचवायचं असतं, काम जास्त म्हणून पाकळ्या जास्त.

एकोणीस वर्षांपूर्वी बाई या शाळेत आल्या तेव्हा जीवशास्त्र हा नापास व्हायचा हक्काचा विषय होता. आता वर्गातलं एखाददुसरंच मूल गचकायचं. बाईंकडे जादूची कांडी नव्हती. शेवटच्या बाकावरच्याला कळल्याशिवाय त्या पुढे सरकत नसत, मग पोर्शन गेला खड्ड्यात. वर्गात पुस्तक उघडलेलं त्यांना खपायचं नाही. पुस्तक घरी वाचा, इथे माझ्याकडे बघा, म्हणायच्या. मुलं बघायची.

त्या वर्षी निकालाच्या आधी परीक्षा मंडळाचं पत्र आलं. पेपरात पहिल्यांदाच आलेल्या झडपांवरच्या प्रश्नाला बाईंच्या वर्गातल्या एकेचाळीसच्या एकेचाळीस मुलांनी चुकीचं उत्तर लिहिलं होतं, तेही शब्दाला शब्द तेच. एवढी एकजूट कॉपीशिवाय होत नाही, असं तपासनिसाचं म्हणणं. सगळ्या वर्गाचा निकाल राखून ठेवला होता, आणि पुढच्या प्रवेशांची मुदत तीन आठवड्यांवर आली होती. चौकशीच्या दिवशी शिक्षकांनी पाच मुलांना वह्यापुस्तकांसह घेऊन यावं, असं खाली लिहिलं होतं.

पत्रात ते वाक्य उतरवून दिलेलं होतं. काम जास्त म्हणून पाकळ्या जास्त. ते वाचून बाईंना आधी अभिमानच वाटला, म्हणजे बघा. पोरांनी किती नीट लक्षात ठेवलंय! मग ‘चुकीचं’ या शब्दाशी त्या अडखळल्या.

घरी आल्या आल्या त्यांनी पत्र नवऱ्यापुढे टाकलं. नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. कुठल्याही गोष्टीवर मत द्यायच्या आधी ती उघडून बघायची त्याला सवय होती. त्याने मुकाट्याने कपाटातलं पाठ्यपुस्तक काढलं, डोळ्याला भिंग लावलं आणि आकृतीवर वाकला.

“अगं, इथे डावीकडे दोन पाकळ्या दाखवल्यात,” तो म्हणाला. “तीन आहेत त्या उजवीकडे.”

“छपाईची चूक असेल,” बाई म्हणाल्या.

नवऱ्याने भिंग त्यांच्यापुढे धरलं. बाईंनी कॉलेजातलं जुनं जाड पुस्तक काढलं, मग दुसरं काढलं. सगळे छापखाने मिळून त्यांच्याविरुद्ध कट करतील, हे शक्य नव्हतं. तरण्याताठ्या असताना केव्हातरी त्यांनी उलटं पाठ केलं होतं, त्याला छानसं कारण चिकटवलं होतं, आणि कारण इतकं पटण्यासारखं होतं की पुन्हा बघावंसं कधी वाटलंच नाही. त्या रात्री त्या जेवल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी त्यांना खोलीत बोलावून दार लोटून घेतलं. माणूस वाईट नव्हता, पण शाळेच्या अब्रूला फार जपायचा. दोन मुलांची नावं द्या, त्यांनी चिठ्ठी फिरवली म्हणा, बाकीची एकोणचाळीस सुटतील, असा त्यांचा सल्ला होता. बाईंची निवृत्ती दोन वर्षांवर आली होती. एकोणीस वर्षं चुकीचं शिकवलं, हे स्वतःच्या तोंडाने कशाला सांगायचं? बाईंना मोह झाला नाही असं नाही. हजेरीपट समोरच होता, आणि त्यावरून त्यांचं बोट फिरलंसुद्धा. पण प्रत्येक नावाशी त्यांना ते मूल श्वास घेत व्हरांड्यातून आत येताना दिसलं. त्यांनी हजेरीपट मिटला.

मंडळाच्या कचेरीत तिसऱ्या मजल्यावर, कागदांच्या गठ्ठ्यांमधून वाट काढत, बाई पाच मुलांना घेऊन पोचल्या. साहेब त्यांच्यापेक्षा वयाने लहान होते. बाईंनी खुर्चीत बसायच्या आधीच सांगून टाकलं, की चूक माझी आहे, मुलांनी मी शिकवलं तेच लिहिलं.

साहेबांनी मान हलवली. मुलांना वाचवायला शिक्षक काहीही सांगतात, ते त्यांनी पुष्कळ पाहिलं होतं. आणि पुस्तकात बरोबर छापलेलं असताना एकेचाळीस जणांतल्या एकालाही ते दिसू नये, हे त्यांना पटेना. आणा पुस्तकं, ते म्हणाले.

पहिलं पुस्तक उघडलं. हृदयाच्या आकृतीतली झडपांची नावं पट्टीने खोडून, वर बारीक अक्षरात उलटी लिहिलेली होती. दुसऱ्यात तेच, पेन्सिलीने. तिसऱ्यात समासात ‘छपाईची चूक’ असा शेरा होता. मुलांनी छापील पुस्तक बाईंच्या सांगण्याप्रमाणे सुधारून घेतलं होतं! साहेबांना हसू आवरेना. बाईंना मात्र कुठे बघावं ते कळेना.

चौथं पुस्तक शेवटच्या बाकावरच्या अबोल मुलीचं होतं. त्याच्या पहिल्या पानावर दुसरंच नाव आणि सहा वर्षांपूर्वीचं साल होतं. साहेबांचं हसू थांबलं.

“ही खोडाखोड तुझी?”

“ताईची,” मुलगी म्हणाली. “तिचं पुस्तक मला आलं.”

ताई आता नर्सिंग शिकत होती. म्हणजे तिला आता खरं काय ते माहीत असणार, साहेबांनी विचारलं. मुलगी पायाच्या अंगठ्याकडे बघत हो म्हणाली. ताईने तिलाही कधीच सांगितलं होतं.

“मग तरी तू पेपरात चुकीचं का लिहिलंस?”

“ताई म्हणाली होती, बाईंना कळू देऊ नकोस, त्यांना वाईट वाटेल,” मुलगी म्हणाली. “आणि पेपर कोण तपासतं, मला काय माहीत? बाईंच्याच हातात पडला असता तर?”

साहेबांनी पुस्तक मिटून हळूच तिच्यापुढे सरकवलं. कॉपीचा शेरा काढून टाकतो, निकाल या आठवड्यात लागेल, पण त्या प्रश्नाचे तीन गुण कुणालाच मिळणार नाहीत, असं त्यांनी सांगितलं. बाईंनी आभार मानले.

जिना उतरताना चार मुलं धडधडत पुढे गेली. मुलगी बाईंच्या पावलाने उतरत होती. दुसऱ्या मजल्यावर बाई कठड्याला धरून थांबल्या. पोरीला जवळ घ्यावं की तिच्या पाठीत एक धपाटा घालावा, हे त्यांना ठरवता येत नव्हतं.

“मला वाईट वाटलं असतं गं,” त्या म्हणाल्या. “एक दिवस. फार तर दोन.”

मुलीने हे मनाशी तोलून बघितलं.

“मग सांगू का बाई? डोळ्याच्या धड्यातपण एक आहे.”

बाई तिथेच पायरीवर बसल्या. पर्समधून त्यांनी पेन काढलं, मंडळाचं पत्र उलटं करून मांडीवर घेतलं आणि शेजारची जागा हाताने पुसली.

“बस,” त्या म्हणाल्या. “सांग.”