रीडिंग जसं येईल तसं

राग माझ्या नाकावरच असतो, हे आधीच सांगून टाकते. घरचे म्हणतात, हिला शिक्षिका कुणी केलं? मी म्हणते, नशिबानं केलं, आणि तेही अर्धवटच. श्रीगोंदा तालुक्यातल्या एका कॉलेजात मी मराठी शिकवते ती तासिका तत्त्वावर. जितके तास तितकी नोकरी. बी.ए.ला मराठी घेणारी पोरं दरवर्षी विरळ होत चालली होती आणि त्यांच्याबरोबर मीही. तेवढ्यात नवं शैक्षणिक धोरण आलं आणि सायन्सच्या पोरांनी शाखेबाहेरचा एक विषय घेतलाच पाहिजे असा नियम झाला. आमच्याकडं वेळापत्रकात बसणारा असा एकच विषय निघाला, तो माझा. फिजिक्सची अठ्ठावीस पोरं आपखुशीनं नव्हे, वेळापत्रकाच्या कृपेनं माझ्या वर्गात येऊन बसली. मला काय त्याचं! मी खूश होते.

फिजिक्सचे विभागप्रमुख मात्र खूश नव्हते. "मॅडम, आमची पोरं कविता वाचून काय यंत्रं चालवणारेत?" असं त्यांनी मला भर स्टाफरूममध्ये विचारलं. आता प्राचार्यांनी करावं काय? सत्र संपताना पोरांच्या वह्या याच सरांनी बघायच्या आणि विषय चालू ठेवावा की बंद करावा ते फॉर्मवर कारणासकट लिहायचं, असं ठरवून टाकलं. म्हणजे सुरी त्यांच्या हातात आणि मान माझी. विषय बंद झाला तर माझे तास बंद, आणि तास बंद तर मी घरी, एवढा सरळ हिशोब होता.

मी ठरवलं, कविता राहू दे. पोरांना माणसांशी बोलायला लावू. पहिलंच काम दिलं: घरातल्या थोरल्या माणसाशी तासभर बोला आणि ते काय बोलले ते लिहून आणा. आठ दिवसांत अठ्ठावीस वह्या हजर! बी.ए.ची पोरं महिनाभर टंगळमंगळ करतात, आणि ही बघा, असं मी शेजारच्या मॅडमना मोठ्या तोऱ्यात सांगितलं.

घरी जाऊन वह्या उघडल्या. पहिल्या वहीत सुरुवातीलाच 'उद्देश: आजोबांशी बोलणे. साहित्य: आजोबा, वही, पेन.' मग 'कृती', मग 'निरीक्षण', आणि शेवटी 'निष्कर्ष: शिक्षणाशिवाय पर्याय नाही.' मी पोट धरून हसले. दुसऱ्या वहीतही तेच आजोबा. तिसऱ्यातही. धोतर नेसणारे, पहाटे उठणारे, एकादशी धरणारे आणि शेवटी डोळे पाणावून शिक्षणाचं महत्त्व सांगणारे एकच आजोबा एकोणीस घरांत नांदत होते. पहिल्या बाकावरच्या मुसलमान मुलीचे आजोबासुद्धा एकादशी धरत होते! माझं हसू तिथंच संपलं.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात गेले ती तापलेल्या तव्यासारखी. "लाज वाटते का? एक आजोबा वाटून घ्यायला ते काय गुळाची ढेप आहेत?" पहिल्या बाकावरची ती मुलगी ओढणी तोंडावर धरून हसायला लागली, आणि तिचं बघून सगळा वर्ग. मला आणखीच चेव आला. तेवढ्यात खिडकीजवळची एक मुलगी उभी राहिली. अंगानं बारकी, पण आवाज खणखणीत. म्हणाली, "मॅडम, आम्ही फसवायला नाही केलं. प्रॅक्टिकलला आमचं असंच चालतं. उत्तर काय यायला पाहिजे ते आधीच माहीत असतं. मग रीडिंग त्याला जुळवून लिहायची. नाही जुळली की सर 'रिपीट' लिहितात. सिनियरचं जर्नल घेतलं की काम होतं. आम्हाला वाटलं, इथंही आजोबांचं उत्तर ठरलेलंच असेल."

मी हातातला खडू खाली ठेवला. माझा राग उतरवणं सोपं नाही, पण त्या पोरीनं उतरवला. कारण तिचं काही चूक नव्हतं. वर्षानुवर्षं 'थोरांचे विचार' या मथळ्याखाली आम्ही मराठीवालेही तेच तर मागत आलो होतो.

मग मी नवं काम दिलं. घरातलं माणूस नको. जे रोज दिसतं, पण ज्याच्याशी तुम्ही कधी दोन मिनिटांच्या वर बोलला नाहीत, असं माणूस धरा. आणि फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: रीडिंग जसं येईल तसं लिहा. जुळवाल तर माझ्याशी गाठ आहे!

या वेळी वह्या यायला तीन आठवडे लागले, पण काय एकेक वही होती! बसस्टँडवरच्या चौकशी खिडकीतल्या बाईंनी सांगितलं होतं की दिवसभर लोकांना गाड्या सांगते, पण मी स्वतः शिर्डीच्या पुढं गेले नाही. काष्टीच्या बाजारात शेळ्यांचे सौदे जमवणाऱ्या एका दलालानं पोराला पाऊण तास नुसतं बसवून ठेवलं आणि शेवटी म्हणाला, "लिव, मला बोलायला आवडत न्हाई." पोरानं तेवढंच लिहून आणलं. मी त्याला वर्गात उभं करून शाबासकी दिली.

खिडकीजवळच्या त्या मुलीनं धरलं होतं फिजिक्सच्याच प्रयोगशाळेतल्या चाचांना. चाचा तिथले परिचर. तीस वर्षं तीच उपकरणं मांडायची, पुसायची आणि कुलपात ठेवायची. तिनं त्यांना विचारलं होतं, "चाचा, वजनं टांगून पट्टी वाकवायच्या प्रयोगात आलेखावरचा शेवटचा बिंदू रेषेखालीच का पडतो? तुम्ही नेहमी म्हणता, तो तसाच येतो, लिहून टाक. पण का येतो?" आणि चाचांचं उत्तर तिनं जसंच्या तसं उतरवलं होतं: "आगं, त्यातलं एक वजन लई वर्सांमागं हरवलं. तवाचे सायब म्हनले, कुठनं बी आन. मी काष्टीच्या बाजारातनं एका कांदेवाल्याचं अर्ध्या किलोचं आनलं आन काळा रंग दिला. बाजारातलं वजन त्ये. भरंल व्हय कधी पुरं? म्हून मी त्ये समद्यांत शेवटी ठेवतो. निदान पयली रीडिंगं तरी बरी येत्यात."

मी ते वाचलं आणि वही मिटून टाकली. मुलगी हुशार, लिखाण सुंदर, सगळं खरं, पण ही वही जाणार होती कुणाच्या हातात? फिजिक्सच्या विभागप्रमुखांच्या! तुमच्या प्रयोगशाळेत कांदेवाल्याचं वजन आहे, हे मराठीच्या तासिकावाल्या बाईनं त्यांना कळवायचं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. सत्तावीस वह्या दिल्या असत्या तरी कुणी मोजल्या नसत्या. ती एक वही मी बाजूला काढली सुद्धा. खोटं कशाला सांगू, चांगली दोन दिवस माझ्या पिशवीत होती.

शेवटी चाचांनाच गाठलं. "चाचा, ही वही सरांना दाखवू का? तुम्हाला काही त्रास झाला तर?" चाचा म्हणाले, "दावा की. मी काय चोरी केलीया? रंग बी माज्याच पैशाचा हुता." आता माणूस एवढा निवांत म्हटल्यावर मी कुठल्या तोंडानं लपवणार? शिवाय फळ्यावर धमकी तर मीच लिहिली होती. अठ्ठावीसच्या अठ्ठावीस वह्या मी सरांच्या टेबलावर नेऊन ठेवल्या.

सर स्टाफरूममध्ये वाचत बसले. दलालाच्या वहीला हसले, हे मी चोरून पाहिलं. मग ती वही आली. वाचून झाल्यावर सर उठले आणि प्रयोगशाळेत गेले. मीही मागोमाग गेले, राहवेना. त्यांनी पेटीतलं ते काळं वजन उचललं आणि शेजारी केमिस्ट्रीच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवलं. आकडा आला चारशे अठ्ठेचाळीस ग्रॅम. सरांनी वजन उचलून पुन्हा ठेवलं. पुन्हा चारशे अठ्ठेचाळीस.

"अरे देवा," सर म्हणाले आणि स्टुलावर बसले. "ज्यांचा शेवटचा बिंदू खाली यायचा, त्यांना मी रिपीट द्यायचो हो, मॅडम. एक मुलगी होती. चारदा केलं तिनं, चारही वेळा तेच रीडिंग लिहिलं. रडत होती. मी म्हणालो, तुला नीट बघताच येत नाही." मला त्यांचा राग यायला हवा होता, पण वाईटच वाटलं, अगदी मनापासून.

चाचा दारातच उभे होते. सरांनी विचारलं, "अहो, इतकी वर्षं सांगितलं का नाही मला?"

चाचा गोंधळले. म्हणाले, "सर, तुमी कवा विचारलं न्हाई. आन मला वाटलं, तुमी एवढी शिकलेली मानसं, तुमास्नी ठावं असंल."

सरांनी ते वजन हातात घेऊन फिरवून बघितलं. मग सरच आधी हसले, कांदेवाल्यानं फिजिक्सच्या मापात पाप केलं म्हणाले, आणि आम्ही तिघंही हसलो. सरांनी खिशातून फॉर्म काढला, गुडघ्यावर ठेवून तिथंच भरला आणि माझ्या हातात दिला. 'विषय चालू ठेवावा' यावर खूण होती. खाली कारणाच्या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं: 'आमच्या विभागात कुणी कुणाला काही विचारत नाही.'