ओळ जमली की टक्

कुणी सावली दिसल्याचं, मागून हाक आल्याचं सांगू लागलं की मी आधी त्याचं बीपी बघते. डॉक्टर आहे म्हणून नाही, स्वभावच तसा. दादा चिडवायचा, "भूत आलं तं त्यालेबी आधार कार्ड मागंल हे!" त्यामुळे हे लिहिताना मलाच कसंतरी होतंय… पण लिहिते.

आमचं गाव गोरेगाव, जिल्हा गोंदिया. बाजाराच्या रस्त्यावर दादाचं डीटीपीचं दुकान होतं. लग्नपत्रिका, बॅनर, अर्ज, सगळं करायचा. मी एमबीबीएस झाले आणि अमेरिकेत रेसिडेन्सी, म्हणजे तिथलं पुढचं शिक्षण, करायचं ठरवलं. त्या अर्जात आपण केलेल्या कामांची माहिती एकेका चौकटीत भरायची असते. मी वर्डमध्ये छान ठिपके देऊन, ठळक अक्षरं करून यादी बनवायची आणि तिथे पेस्ट केली की सगळ्याचा गोळा व्हायचा.

दादाने एकदा स्क्रीनकडे पाहिलं नि हसला. "ओ डॉक्टर, काला करून ठेवला का याचा? ठिपके तिथं जाऊन नाही राहिले तं साधी आडवी रेघ दे. एका ओळीत एकच गोष्ट. वाचणाऱ्याले दम घेऊ दे ना जरा."

पत्रिकेत दोन आत्या एका ओळीत कोंबल्या की मांडवात काय रामायण होतं, ते त्याने पाहिलेलं होतं. मग आमची पद्धतच पडली. मी मोठ्याने वाचायचे आणि ओळ जमली की तो कार्ड कापायची स्टीलची पट्टी काउंटरच्या काचेवर मारायचा — टक्. नाही जमली तर नुसता माझ्याकडे बघत राहायचा.

मग त्याच्या किडन्या गेल्या. अर्ज राहिला बाजूला. ग्रामीण रुग्णालयातली नोकरी मी सोडली. आठवड्यातून दोनदा त्याला डायलिसिसला गोंदियाला न्यायचं, घरी पाणी मोजून द्यायचं, मिठावरून त्याच्याशी भांडायचं. वर्षभर हेच चाललं. धानाची कापणी सुरू होती तेव्हा तो गेला. त्याचा हात माझ्या हातात होता, आणि एवढं शिकून मी काहीही करू शकले नाही.

पुढे आईच मागे लागली. "त्याच्यासाठी तं अर्ज भर," म्हणाली. बाजाराच्या दिवशी दुपारी मी दुकानाचं कुलूप काढलं. त्याच्या खुर्चीत बसवेना, म्हणून गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसले. लाईट गेलेली, लॅपटॉप बॅटरीवर. सवयीने यादी मोठ्याने वाचायला लागले.

पहिली ओळ संपली… टक्.

वाटलं, छपराचा पत्रा तापला असेल. दुसरी ओळ — टक्. तिसरी — टक्. पट्टी तर समोर खिळ्याला लटकलेली, हललीसुद्धा नाही. पंखा बंद, प्रिंटर बंद. अंगावर काटा आला, पण खरं सांगू? भीती नाही वाटली. मी वाचतच सुटले.

आणि एका ओळीशी आवाज थांबला. पुन्हा वाचली. काही नाही. ग्रामीण रुग्णालयातलं काम लिहून त्याच्याच शेपटाला मी जोडलं होतं — 'त्यानंतर कौटुंबिक कारणाने एक वर्ष खंड.' असंच लिहायचं असतं म्हणे. मोकळं वर्ष फार डोळ्यांत भरू द्यायचं नसतं.

एका ओळीत दोन गोष्टी होत्या.

मी ती ओळ तोडली. खाली नवीन रेघ दिली आणि इंग्रजीत लिहिलं — मोठ्या भावाची घरी शुश्रूषा केली, त्याच्या मृत्यूपर्यंत. मोठ्याने वाचून संपवली आणि थांबले.

बराच वेळ काही नाही… मग टक्. अगदी हळू.

मी काउंटरवर डोकं टेकून रडले, तो गेला त्या दिवशीही इतकी रडले नव्हते. तेवढ्यात शेजारचे घड्याळवाले काका दारात आले. "पट्टी कोन वाजवून राहिला वो पोरी? मले वाटलं तुझा दादा…" खिळ्यावरची पट्टी बघून ते तसेच मागे फिरले.

नंतर त्याच वेळी जाऊन मी तीच यादी कितीदा तरी वाचली. पत्रा तपासला, काच तपासली. काही नाही. ती ओळ तशीच ठेवून अर्ज पाठवलाय, उत्तर अजून यायचंय. दुःखात मेंदू खेळ करतो, हे मीच पेशंटच्या घरच्यांना समजावते. पण मग काकांनी काय ऐकलं?

त्याच दिवशी संध्याकाळी आईला सांगितलं होतं. वाटलं, घाबरेल, नाहीतर माझी नजर काढेल. ती तांदूळ निवडत होती. खरं-खोटं काहीच विचारलं नाही. फक्त म्हणाली, "मंग तूनं मले काऊन नाही बोलावलं वो?"