बारदाना वजा

"भाऊ, बारदाना काढला का?" काट्यावर चढली की मावशी आधी हेच विचारायची. हळदीचं पोतं तोलताना आम्ही रिकाम्या पोत्याचं, म्हणजे बारदान्याचं वजन वजा करतो. मावशीचा बारदाना म्हणजे तिचं लुगडं. हमाल हसायचे, तीही हसायची. तुम्ही वसमतच्या हळद बाजारात कधी आला असाल, तर तिचा चहा प्यायला असणारच.

तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन व्हायचं होतं. डॉक्टरनं बजावलं होतं, आधी आठ किलो वजन उतरवा, मग बघू. आणि मी शहाणा, तोलाईसोबत चरबी जाळायची भुकटी विकत होतो! माझं स्वतःचं पोट शर्टाच्या बटणांना आवरत नव्हतं, तरी तिला म्हणालो, "मावशी, बसल्या जागी वजन उतरतंय बघा."

दर सोमवारी ती काट्यावर चढायची. आकडा माझ्या बाजूला दिसायचा. भुकटी सुरू केल्यावर पहिल्या सोमवारी तो जागचा हलला नव्हता. ती श्वास रोखून उभी होती. मी म्हणालो, "एक किलो कमी." त्या दिवशी तिनं सगळ्या हमालांना फुकट चहा पाजला. मग पुढच्या सोमवारी खरं कोणत्या तोंडानं सांगणार? मी बारदाना वाढवत गेलो.

भुकटी घेतली की तिच्या छातीत धडधडायचं. "चरबी जळून राहिली बघा," ती कौतुकानं म्हणायची. मी मान डोलवायचो. लाज कशी वाटली नाही मला! एकदा म्हणाली, "वजन उतरूनच राहिलं, तर आता काहून उपाशी राहू?" अर्धी भाकरी सोडली होती, ती पुन्हा खायला लागली.

माझ्या हिशेबानं आठ किलो उतरल्यावर ती दवाखान्यात गेली. तिथं दोन किलो वाढलेले निघाले. ऑपरेशन लांबलं. दुसऱ्या दिवशी लंगडत बाजारात आली. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तीच म्हणाली, "म्या डॉक्टरला तोंडावर सांगितलं, तुमचाच काटा खराब हाय. आमच्या भाऊच्या काट्यावर बाजारातली हळद तोलतेत, तो चुकंल व्हय?"

मी तिनं दिलेला चहा प्यालो. भुकटी विकणं त्या दिवसापासून सोडलं, पण खरं सांगायची छाती झाली नाही.

आता तिला चालवत नाही. चहाचं दुकान बंद आहे. परवा मन घट्ट करून तिच्या घरी गेलो. मला बघून ती खाट धरून उठायला लागली. "काटा आणला का, भाऊ?"

मी खाली बसलो आणि सगळं सांगून टाकलं. ती शिव्या देईल म्हणून मान खाली घालून बसलो होतो. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"म्हंजे डॉक्टरचा काटा बराबर होता व्हय?" ती हळूच म्हणाली. "अगं बाई! उगंच बोलले म्या त्या माणसाला."